तीनच्या जागेवरचा गुलाब

"अगं, तीन कुठे गेले?"

बागेतून हाक आली तशा काकू हातातला पेला ओट्यावर तसाच ठेवून बाहेर आल्या. घड्याळजी विटांच्या वाटेवर उभे होते. काठी पुढे, मान जराशी तिरकी, नाक हवेत. त्यांच्या हाताशी काल संध्याकाळपर्यंत एक गावठी गुलाब होता, कळ्यांनी नुसता लगडलेला. आता तिथे काटेरी काड्यांचा झाडू उरला होता आणि ओल्या मातीत दुभंगलेल्या खुरांचे ठसे.

"खाल्ले," काकू म्हणाल्या.

"तीन?"

"तीन. मेल्यांनी वासाला पानसुद्धा ठेवलं नाही."

घड्याळजींनी थोडा विचार केला. "म्हणजे आता मी अंदाजानेच सहापर्यंत जायचं."

"आता तुम्ही माझा हात धरून घरात यायचं."

"हात नको," ते म्हणाले, आणि वळून आल्या वाटेने काठी टेकत परत गेले.

कुणा परक्याने हे बोलणं ऐकलं असतं तर दोघांपैकी एकाला दवाखान्यात न्यावं असंच त्याला वाटलं असतं. म्हणून आधी ती बाग सांगितली पाहिजे.

घड्याळजींचा सगळा जन्म एका अरुंद दुकानात, डोळ्याला भिंग लावून गेला. लोकांची बंद पडलेली घड्याळं त्यांनी चालती केली आणि त्यात स्वतःचे डोळे कधी बंद पडायला लागले ते त्यांना उशिरा कळलं. काचबिंदू. नजर एकदम गेली नाही. आधी कडा गेल्या, मग कडांनी आत सरकत सरकत मधलंही खाल्लं. थोडा उजेड उरला होता तेव्हाच त्यांनी दुकान बंद केलं आणि घरामागच्या मोकळ्या जागेत गोल वाट आखून घेतली. घराचं दार म्हणजे बारा. तिथून निघालं की तीनला गुलाब, सहाला बाक आणि बाकाशेजारी मोगरा, नऊला जाईचा वेल, आणि पुन्हा बारा. काठीला फक्त वीट कळते, आपण किती चालून आलो ते कळत नाही. ते नाक सांगायचं. आणि सांगणं गरजेचं होतं, कारण तीनपाशी एक फाटा खताच्या खड्ड्याकडे जायचा आणि नऊपाशी दुसरा मागच्या फाटकाकडे, थेट रस्त्यावर.

दिवसभर घड्याळजींच्या प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याचा हात लागायचा. चहा कुठे ठेवलाय ते सांगायला, शर्ट उलटा घातलाय ते सांगायला, समोर बसलेला माणूस उठून गेलाय आणि तुम्ही खुर्चीशी बोलताय हे सांगायला. सकाळचा हा एक फेरा मात्र त्यांचा एकट्याचा. काकूंनी खिडकीतून बघायचंसुद्धा नाही असा करार होता. काकू बघायच्याच, पण पडद्याआडून.

लेक दुसऱ्या गावी राहायची. तिचं फोनवर एकच पालुपद. "आई, गोल दोरी बांध ना बागेत. बाबा धरून धरून चालतील."

घड्याळजी शेजारूनच ओरडायचे, "दोरी गुरांना बांधतात म्हणावं!"

"असं काय करता हो बाबा. नाहीतर इकडे या ना राहायला. इथे सोसायटीत छान हॉल आहे, लोक फिरवतात म्हाताऱ्यांना."

"फिरवतात," घड्याळजी फोन ठेवल्यावर म्हणायचे. "किल्ली देऊन फिरवतात का ते विचार."

तर अशा त्या बागेवर हरणांची नजर पडली. घरांच्या मागे झाडीचा पट्टा होता. पलीकडे कुठेतरी काम चालू झालं होतं, मोठमोठी यंत्रं आली होती, आणि हरणांनी तिकडून काढता पाय घेतला तो थेट या आळीच्या परसदारी. कुंपण होतं छातीइतकं. हरीण ते असं ओलांडायचं, जसा आपण उंबरठा ओलांडतो.

काकूंनी सगळं करून पाहिलं. पहाटे उठून थाळी बडवली. पहिल्या दिवशी हरणं पळाली, दुसऱ्या दिवशी थबकली, तिसऱ्या दिवशी चघळत चघळत ऐकत राहिली, जणू कार्यक्रमालाच आली होती. कुंपणावर जुने कपडे टांगले, तर एका हरणाने घड्याळजींच्या जुन्या सदऱ्याची बाही चावून पाहिली. कुणीतरी साबणाच्या वड्या टांगायला सांगितलं. टांगल्या. त्याने फक्त कावळे खूश झाले. मग एकीने छातीठोकपणे सांगितलं की तिखटाचं पाणी मारा, परत फिरकणार नाहीत. काकूंनी फुटलेल्या गुलाबावर तिखटाचं पाणी मारलं आणि नेमकं घड्याळजींना सांगायचं विसरल्या. सकाळी ते तीनला पोचले, सवयीने वाकले, आणि मनापासून एक दीर्घ श्वास घेतला.

त्या शिंका रस्त्यापर्यंत ऐकू गेल्या.

"मला घालवायचंय की हरणांना?" डोळे चोळत ते विचारत होते.

काकूंनी पाण्याची बादली ओतून झाड धुतलं. हरणं बहुधा त्याचीच वाट बघत होती. दुसऱ्या दिवशी फुटवेही गेले, आणि आठवड्याभरात मोगराही.

त्यात भर म्हणून शेजारीण. तिला हरणं म्हणजे लाडाची पाहुणी. गाजराची सालं, सफरचंदाचे गाभे, सगळं ती कुंपणाशी मांडून ठेवायची.

"किती गोड बघतात ना हो काकू! डोळे बघा, डोळे."

"डोळे बघतेय," काकू म्हणाल्या. "त्यांना आहेत, म्हणून तर माझ्या घरात ज्यांना नाहीत त्यांचं खातायत."

शेजारीण काही दिवस बोलली नाही. काकूंना वाईट वाटलं, पण तेवढं नाही जेवढं वाटायला हवं होतं. देवापुढे बसल्या की हल्ली त्यांचं मागणं भलतीकडेच वळायचं. शांतपणे सुरू करायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "देवा, हरीण तुझं, गुलाबही तुझा. मग मधल्या मध्ये माझा जीव का टांगून ठेवलायस?" आणि मग जीभ चावून कान पकडायच्या.

शेवटी त्या रोपवाटिकेत गेल्या. तिथले दादा पाईपने पाणी मारत होते. त्यांनी काकूंचं सगळं गाऱ्हाणं पाणी मारता मारताच ऐकून घेतलं.

"कसं आहे काकू, हरीण आधी हुंगतं, मग तोंड लावतं. पानाला उग्र वास असला, पान लवदार, खरखरीत असलं, नाहीतर चीक कडू असला, की ते पुढे जातं. गुलाब, मोगरा म्हणजे त्यांना पंगतच. ती हौस सोडा. आणि गॅरंटी मागू नका. पोटात आग पडली तर हरीण काहीही खातं."

"गॅरंटी मला लग्नातही कुणी दिली नव्हती. तुम्ही झाडं दाखवा."

"ही कण्हेर घ्या. हिच्याकडे ढुंकून बघत नाहीत."

"ती विषारी ना? नको. आमचे हे पानाला हात लावून बघतात आणि तोच हात मिशीला लावतात. आणि काटेरीही काही नको."

दादांनी पाईप खाली ठेवला. "म्हणजे हरणाला नको आणि त्यांना हवं, असं पाहिजे."

"हरणाला नको एवढं आधी बघा," काकू म्हणाल्या. "यांचं मी बघते."

इथेच चूक झाली, पण ती कळायला वेळ होता. दादांनी गवती चहा, पानओवा, पुदिना, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि झेंडू काढून दिला. ते म्हणालेही, की थोडं थोडं लावून बघा आधी. पण इतके दिवस पहाटे थाळी बडवून आणि दिवसभर चिडचिड करून काकूंच्या अंगात थोडंथोडं करण्याचा धीर उरला नव्हता. रागात माणूस भाजीत मीठ टाकतं तशी त्यांनी झाडं लावली. वाटेच्या आत, वाटेच्या बाहेर, कुंपणाच्या कडेने, बाकाभोवती. गवती चहाशेजारी पुदिना, पुदिन्याशेजारी पानओवा, मध्ये झेंडू, की पुन्हा गवती चहा. दोन बोटं जागा दिसली की तिथे एक रोप. जाईचा अर्धमेला वेलही त्यांनी उपटून टाकला, म्हणजे हरणांना आमंत्रणच नको. कंबर मोडली, नखात माती गेली, पण मन भरलं.

घड्याळजी दारात बसून होते. "फार वास येतोय गं," एवढंच म्हणाले.

"येऊ दे की. यायलाच लावलाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे हरणं आली. कुंपणाशी थांबली. एकाने मान आत घातली, हुंगलं, नाक फेंदारलं आणि मान बाहेर काढली. मग सगळी शहाण्यासारखी शेजारणीकडे गेली. काकू पडद्याआड तोंडावर पदर धरून हसल्या. त्या दिवशी त्यांनी देवापुढे जरा जास्तच वेळ हात जोडले. त्यात थोडा तोराही होता, आणि तो देवाच्या लक्षात आला असावा.

कारण थोड्याच वेळात घड्याळजी फेऱ्याला निघाले.

पहिली काही पावलं ठीक गेली. मग ते थांबले. नाक वर केलं, डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. पुढे झाले. पुन्हा थांबले. काठीने विटा चाचपल्या, फाट्याशी आले आणि फाट्याला वळले. काकू पडद्याआडून पाहत होत्या आणि कराराची आठवण ठेवून ओठ दाबून उभ्या होत्या. येतील मागे, कळेल त्यांना. ते मागे आले नाहीत. काकू धावत गेल्या तेव्हा घड्याळजी खताच्या खड्ड्याच्या काठावर उभे होते. एक पाय कोरड्यात, एक पाय भाजीच्या सालांत घोट्यापर्यंत. पडले नव्हते. काठी आडवी धरून, वाऱ्यात उभ्या माणसासारखे तोल सांभाळत होते.

"हात दे," ते म्हणाले.

बस, एवढंच. डोळे गेल्यापासून या बागेत त्यांनी हात मागितला नव्हता. काकूंनी हात दिला. तो हात गार लागला.

त्यानंतर घड्याळजींचा गुडघा दुखायला लागला. म्हणजे असं ते म्हणायचे. सकाळ झाली की, "आज गुडघा जरा धरलाय." दुसऱ्या दिवशी, "आज हवा बरी नाही." गुडघ्याला तेल चोळायला गेलं की कुठला गुडघा ते त्यांना आठवावं लागायचं. दारातल्या खुर्चीवर बसून ते हाताने मांडीवर काहीतरी फिरवत राहायचे, किल्ली दिल्यासारखं. बाग हिरवीगार, हरणांचं नाव नाही, झेंडू टपोरे, आणि आत चिटपाखरू नाही. काकू पाणी घालायच्या आणि एकेका रोपाकडे असं बघायच्या, जसं ऐन वेळी फितूर झालेल्या नातलगाकडे बघावं.

एका सकाळी चहा घेताना लेकीचा फोन आला. बाबा फिरतात का, तिने विचारलं. काकूंनी फोन घड्याळजींपुढे धरला. घड्याळजी म्हणाले, "तुझ्या त्या हॉलमध्ये कोण कोण असतं गं?"

फोन ठेवला आणि काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हॉलमध्ये कोण असतं म्हणजे? जायचंय तिकडे?"

"विचारलं नुसतं."

"मी इथे हाडाची काडं करून बाग राखली आणि तुम्ही हॉलची चौकशी करता? एक पान खाल्लेलं नाही हरणांनी! एक पान!"

"माहीत आहे गं."

"मग चालत का नाही? आणि गुडघ्याचं सांगू नका. काल डावा होता, आज उजवा धरलायत."

घड्याळजींनी पेला बशीत ठेवला. हळू, बरोबर मध्यभागी. "ऐक. तबकडीवर बाराचे बारा आकडे प्रत्येक जागी छापले, एकावर एक, तर वेळ कळेल का? काटा फिरतोय, पण जिथे जावं तिथे सगळंच वाजलंय. तशी झालीये ती बाग. मला दारातून तीनचा वास येतो, सहाचा येतो, नऊचा येतो, सगळे एकदम. मी कुठे आहे तेच कळत नाही."

काकूंचा हात तोंडावर गेला. "मग सांगायचं ना आधी! दारात बसून बघत काय होतात?"

"बघत नव्हतो," घड्याळजी म्हणाले.

काकूंना नको तेव्हा हसू आलं आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

"तू गाणं म्हणत होतीस रोपं लावताना," ते म्हणाले. "कित्येक दिवसांनी. म्हटलं, राहू दे."

काकू उठल्या. तरातरा बागेत गेल्या आणि प्रत्येक झाडाची दोन-दोन पानं तोडून ताटलीत घेऊन आल्या. "हे घ्या. निवडा. हरणाला नको ते मी आणलंय, तुम्हाला काय हवंय ते आता तुम्हीच सांगा. आणि आता तरी तोंड उघडा."

घड्याळजींनी बाह्या वर केल्या. दुकानात घड्याळ उघडलं की ते प्रत्येक भाग वेगळ्या झाकणाखाली ठेवायचे. तशाच त्यांनी वाट्या मागितल्या आणि एकेक पान एकेका वाटीखाली झाकलं. मग एक वाटी उचलायची, हुंगायचं, झाकायचं, आणि मध्ये स्वतःची बाही नाकाला लावायची. "नाकाला जरा पुसून घेतलं पाहिजे, नाहीतर आधीचा वास पुढच्याला चिकटतो."

"हे काय?" पहिली वाटी उचलत त्यांनी विचारलं.

"लॅव्हेंडर."

"छे. न्हाणीघर. मी बागेत चालतोय की आंघोळीला निघालोय, कळणार नाही."

"झेंडू?"

"याचा वास जवळ आल्याशिवाय येत नाही. आणि हे, हे पुदिना ना? हे फार पसरतं. आज तीनला आहे, उद्या चारला जाईल. आकडा जागेवर राहिला पाहिजे."

पानओवा त्यांनी बराच वेळ बोटांत चुरला. जाड, मऊ, लव असलेलं पान. "हा बोटांनाही कळतो. हा तीनला."

"तिथे गुलाब होता," काकूंच्या तोंडून निघून गेलं.

"होता," घड्याळजी म्हणाले. "आता खोकल्याचं औषध आहे. चालेल."

सहाला, बाकापाशी, रोझमेरी ठरली. नऊला गवती चहा, कारण तिथून रस्ता जवळ. पात हाताला कापते म्हणून काकू कुरकुरल्या, पण ते म्हणाले, "हात लावायचाच नाही. काठी घासली की सळसळेल. तिथे मला वास आणि आवाज दोन्ही हवेत. तिथे चुकून चालणार नाही."

बाकी सगळं उपटायचं ठरलं. स्वतःच्या हाताने, गाणं म्हणत लावलेलं, स्वतःच्या हाताने काढायचं. काकूंनी ते केलं, पण गाणं न म्हणता. उपटलेली रोपं त्यांनी टोपलीत घालून कुंपणाशी ठेवली. फेकवेनात.

शेजारीण आली. अबोला मोडायला तिलाही निमित्त हवंच होतं. "अय्या, एवढी सगळी? मी नेऊ? माझी कुंपणाकडची बाजू अगदी उघडी आहे."

काकूंनी एकदा टोपलीकडे पाहिलं, एकदा शेजारणीच्या गाजराच्या सालांकडे. खरं सांगायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. "न्या की," त्या म्हणाल्या. पण ती टोपली उचलून निघाली तेव्हा मन खायला लागलं. "ऐका हो," त्यांनी हाक मारली. "ही लावलीत तर तुमचे पाहुणे यायचे नाहीत."

"इश्श! माझे कुठले जातात," शेजारीण म्हणाली आणि टोपली घेऊन गेली.

तिचे गेले. म्हणजे थोडे दिवस शेजारीण सालं मांडत राहिली आणि कुंपणाशी उभी राहून चुचकारत राहिली. आणि काकूंच्या बागेत आता तीन जागा सोडल्या तर चारी बाजू मोकळ्या होत्या. गेलेले पाहुणे कुठे आले हे सांगायला नको.

त्या सकाळी काकू पडद्याआड उभ्या होत्या. घड्याळजी बारावरून निघाले होते. पाऊल बेताचं, पण काठी ठाम. थोडं पुढे गेल्यावर त्यांचं नाक वर गेलं, ते दोन पावलं पुढे झाले, वाकले आणि पानओव्याचं एक पान चुरून पाहिलं. तीन. फाट्याकडे न वळता ते गोल वाटेनेच पुढे निघाले.

आणि ते बाक ओलांडून पुढे गेले तेव्हाच तीनपाशी कुंपणावरून एक हरीण आत आलं.

आवाज न करता उतरलं. पानओवा हुंगला, नाक मुरडलं. मग त्याला त्या काटेरी काड्या दिसल्या. गुलाबाला खालून दोन लालसर फुटवे आले होते. काकू रोज त्यांना पाणी घालत होत्या आणि घड्याळजींना एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. फूल आलं की मगच सांगायचं होतं. काकूंनी थाळी उचलली, पळीही उचलली.

घड्याळजी सहा आणि नऊच्या मध्ये होते. नाक पुढे, कान टवकारलेले. गवती चहाची सळसळ शोधत होते. आत्ता थाळी वाजली तर ते दचकणार, वळणार, मोजमाप हरवणार, आणि पुढे फाटकाचा फाटा.

काकूंनी थाळी छातीशी धरून ठेवली. हरणाने पहिला फुटवा खाल्ला. नीट, सावकाश, मान वर करून चघळत. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, दात दातांवर आले. हरणाने दुसरा खाल्ला. तिकडे काठी गवती चहाला घासली, सळसळ झाली, घड्याळजी वळले आणि घराकडे निघाले. हरणाने त्यांच्याकडे पाहिलं, बाग मधूनच ओलांडून ते त्यांच्या मागून विटांच्या वाटेवर थोडं चालून आलं, आणि मग कुंपण ओलांडून गेलं.

घड्याळजी दारात पोचले. उंबरठ्याला काठी टेकवून त्यांनी सुस्कारा सोडला. "बारा," ते म्हणाले. मग मान तिरकी करून, "कोणी होतं का गं बागेत?"

"होतं," काकू म्हणाल्या. थाळी अजून छातीशीच होती. "तुमच्या मागून चालत होतं."

"वाटेवरून?"

"वाटेवरून. आणि माझा गुलाब खाऊन."

घड्याळजींनी हात पुढे केला, थाळी चाचपली, पळी चाचपली, आणि बायको एवढा वेळ काय धरून उभी होती ते त्यांना कळलं. त्यांनी ती दोन्ही तिच्या हातून काढून घेतली आणि अंदाजाने ओट्याच्या दिशेने चालू लागले.

"डावीकडे," काकू नाक पुसत म्हणाल्या. "डावीकडे हो. तिथे चहा आहे. सांडाल."